सदनिका-रहस्यकथा

सदनिका-रहस्यकथा : शहरातील बहुमजली इमारतीत राहणाऱ्या व्यक्तीस शेजाऱ्यांकडून जाणवणारा धोका, मग तो खरा असो वा भासमान, हा ज्यांचा केंद्रविषय असतो अशा कथा, कादंबऱ्या, नाटके व चित्रपट यांचा वर्ग. रहस्यकथा आणि भयकथा या दोहोंशी त्याचे निकटचे नाते आहे. तथापि गुप्तहेरकथेप्रमाणे घडून गेलेल्या गुन्ह्याचा उलगडा करणे हे त्याचे मुख्य उद्दिष्ट नसते. गुन्हा कोणी केला, यापेक्षा गुन्हा खरोखरच घडत आहे काय आणि घडत असल्यास आपले म्हणणे कोणाला पटेल, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. मराठी समीक्षेत या वर्गास स्वतंत्र नाव रूढ झालेले नाही. मराठीत त्याचे विशेष गूढकथा, भयकथा व नाटक यांतून विखुरलेले आढळतात. मुंबईत निर्माण झालेल्या हिंदी चित्रपटांत ते अधिक सलगपणे दिसतात.

स्वरूप : या कथांची मांडणी साधारणतः ठराविक असते. एखादे जोडपे किंवा एकटी व्यक्ती नव्या जागेत राहावयास येते. जागा चांगली व परवडणारी असते. परंतु आधीच्या रहिवाशाविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. शेजारी अगत्याने विचारपूस करतात, खाद्यपदार्थ पाठवितात, जादा किल्ली आपल्याकडे ठेवण्यास सुचवितात. हळूहळू हे अगत्य पाळतीचे रूप घेऊ लागते. भिंतीपलीकडील आवाज, जिन्यातील पावले, पत्रपेटीतून नाहीसे झालेले पत्र यांसारख्या किरकोळ बाबींची साखळी जुळत जाते. ज्याला ती दिसते त्याच्यावर मात्र घरातील माणसे, डॉक्टर वा पोलीस विश्वास ठेवीत नाहीत. नायिका पुष्कळदा गर्भवती, आजारी वा दिवसभर घरात एकटी असणारी असते. तिचे घरात अडकून पडणे हे कथानकाच्या सोयीचे असते हे खरे; पण बंद घरात सांगितलेल्या तक्रारीला साक्षीदार नसतो, या सामाजिक वास्तवाचाही त्यास आधार आहे.

शेजारधर्म ही या कथेची मूळ सामग्री होय. मराठी घरांत शेजाऱ्याकडून आलेली वाटी रिकामी परत करू नये, असा संकेत आहे. वाटीची ही देवाणघेवाण चालू असते तोवर दोन घरांत विश्वास असतो. सदनिका-रहस्यकथा नेमकी या वाटीविषयी शंका उपस्थित करते : दिलेला पदार्थ खावा काय, आणि न खाल्ल्यास अपमान होईल काय? धोक्याची जाणीव व सभ्यतेचा संकोच यांच्या ओढाताणीतून तिचा ताण निर्माण होतो. नायिकेस वेळीच नकार देता आला असता, तर बहुतेक कथा पहिल्या काही पृष्ठांतच संपल्या असत्या.

निवासाची पार्श्वभूमी : कोणत्याही समाजात या प्रकारच्या कथा उद्‌भवण्यास विशिष्ट प्रकारचे घर आवश्यक असते. कोकणातील पारंपरिक घरात अंगण, ओटी किंवा पडवी, माजघर व स्वयंपाकघर असा क्रम असतो. पनवेल–रोहे लोहमार्गावरील नागोठणे व रोहे यांच्या दरम्यानच्या निडीसारख्या गावी, किंवा पेण-रोहे परिसरात अन्यत्र, जुन्या वळणाच्या घरी आलेला अनोळखी माणूस प्रथम अंगणात थांबतो, नंतर ओटीवर बसतो आणि ओळख पटल्यावरच आत येतो. परक्याची पारख करण्यासाठी अशा घराने जणू टप्पे आखून दिलेले असतात. शिवाय गावात पूर्णपणे अनोळखी माणूस क्वचितच असतो. त्याचे आडनाव, वाडी व सोयरे यांवरून त्याचा माग लागतो.

रोजगारासाठी मुंबईत गेलेल्या चाकरमान्यांनी ही व्यवस्था काही अंशी आपल्याबरोबर नेली. एकाच गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्यांत गावचीच माणसे शेजारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरणगावात उभ्या राहिलेल्या खाजगी चाळी आणि १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे शासनाने बांधलेल्या बी. डी. डी. चाळी यांत सामाईक सज्जा, सामाईक नळ व सामाईक शौचालये होती. दिवसभर दारे उघडीच असत. चाळीत खाजगीपणा नव्हता. पण त्यामुळेच रहस्यही फार काळ टिकत नसे. पु. ल. देशपांडे यांच्या बटाट्याची चाळ (१९५८) या पुस्तकातील शेजारी भांडतात, चौकशा करतात व एकमेकांना सतावितात. परंतु त्यांची भीती वाटत नाही, कारण त्यांच्याविषयी वाचकास व परस्परांनाही सर्व काही ठाऊक असते.

स्वयंपूर्ण सदनिकेची पद्धत मुंबईत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हळूहळू रूढ झाली. गामदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये स्थापन झाली. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क तसेच समुद्रकाठचा मरीन ड्राइव्ह या भागांत १९३० नंतर अनेक निवासी इमारती उभ्या राहिल्या. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठचे अनेक वाडे पडले व शहराच्या विस्तारास वेग आला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि सदनिकांच्या मालकीसंबंधीचा १९६३ चा अधिनियम यांमुळे सदनिका विकत घेणे हा मध्यमवर्गाच्या आवाक्यातील व्यवहार झाला. या बदलात कुटुंबास स्वतःचे स्नानगृह मिळाले, त्याचबरोबर बंद होणारे दारही मिळाले. ओटी नाहीशी झाल्याने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकणारा परका एकदम दिवाणखान्यात येऊन पोहोचू लागला. पारखीचे काम दारातील भिंग, साखळी व लोखंडी जाळीचे दुसरे दार यांवर आले.

बंद दाराची ही भीती केवळ साहित्यिक नव्हती. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात झालेल्या खूनमालिकेत दहा जणांचा बळी गेला. गुन्हेगार हे परगावचे दरोडेखोर नसून शहरातच कलाशिक्षण घेणारे तरुण होते, हे उघड झाल्यावर समाजास मोठा धक्का बसला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी फाशी देण्यात आली. माफीचा साक्षीदार हा मराठी चित्रपट या घटनांवर बेतलेला होता. ओळखीचा, सुसंस्कृत वाटणारा चेहरा सुरक्षिततेची हमी देत नाही, ही जाणीव मराठी मध्यमवर्गात या घटनांनंतर तीव्र झाली.

पाश्चात्त्य परंपरा : औद्योगिक शहरांतील भाड्याच्या खोल्यांतून या कथाप्रकाराचा उगम झाला. इंग्रज लेखिका मेरी बेलॉक लाउंड्झ यांच्या द लॉजर (१९१३) या कादंबरीत, वरच्या मजल्यावरील शांत व सभ्य भाडेकरू हाच शहरात गाजणारा खुनी असावा, असा संशय घरमालकिणीस येतो. परंतु त्याच्या भाड्यावरच घर चालत असल्याने ती गप्प राहते. ॲल्फ्रेड हिचकॉक यांनी तिच्यावर १९२७ मध्ये मूकपट काढला. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या गॅस लाइट (१९३८) या नाटकात पती पत्नीला ती भ्रमिष्ट होत असल्याचे भासवितो. वरच्या बंद मजल्यावर त्याने दिवे लावले की खालच्या खोलीतील दिव्याची ज्योत मंदावते, एवढाच पुरावा तिच्यापाशी असतो. एखाद्याचा स्वतःच्या जाणिवेवरील विश्वास पद्धतशीरपणे खच्ची करण्याच्या कृत्यास इंग्रजीत पुढे या नाटकावरूनच नाव पडले. हिचकॉक यांचा रिअर विंडो (१९५४) हा कॉर्नेल वूलरिच यांच्या १९४२ मधील कथेवर आधारित चित्रपट, पाय मोडल्याने खुर्चीस खिळलेल्या छायाचित्रकाराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतील जीवन दाखवितो. त्यात पाहणाऱ्याचा संशय खरा ठरतो. तथापि दुसऱ्यांच्या घरांत डोकावण्याचा त्याला काय अधिकार, हा प्रश्नही चित्रपटाने अनुत्तरित ठेवला आहे.

या प्रकारातील सर्वाधिक प्रभावी कृती म्हणजे अमेरिकन लेखक आयरा लेव्हिन (१९२९–२००७) यांची रोझमेरीज बेबी (१९६७) ही कादंबरी व तीवरील रोमान पोलान्स्की यांचा त्याच नावाचा चित्रपट (१९६८). न्यूयॉर्कमधील एका जुन्या, प्रतिष्ठित इमारतीत रोझमेरी व तिचा नट पती राहावयास येतात. शेजारचे वृद्ध जोडपे त्यांच्याशी घरोबा करते. रोझमेरीस दिवस गेल्यावर शेजारीण तिला रोज स्वतः तयार केलेले पेय आणून देते, डॉक्टरही तेच सुचवितात. रोझमेरी खंगत जाते. शेजारी सैतानपूजक असून पतीने आपल्या यशाच्या मोबदल्यात तिचे मूल त्यांना देऊ केले आहे, हे तिला उमगते, तेव्हा ती ज्याच्याकडे धाव घेते तो दुसरा डॉक्टर तिला भ्रम झाल्याचे समजून पुन्हा त्यांच्याच स्वाधीन करतो. चित्रपटात मिआ फॅरो यांनी नायिकेची भूमिका केली. आगाऊ, प्रेमळ व भयंकर अशा शेजारणीच्या भूमिकेबद्दल रूथ गॉर्डन यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. इमारतीच्या बाह्यदृश्यांसाठी न्यूयॉर्कमधील डकोटा या एकोणिसाव्या शतकातील वास्तूचा उपयोग करण्यात आला. कथेत सैतान असला, तरी तिचा खरा धसका त्याचा नाही; पती, शेजारी व डॉक्टर ही विश्वासाची तिन्ही ठिकाणे एकाच वेळी फितूर होतात, हे तिच्या परिणामाचे कारण होय.

पोलान्स्की यांच्या रिपल्शन (१९६५) व द टेनंट (१९७६) या चित्रपटांतही सदनिका हेच रंगस्थळ आहे. रोलां तोपोर यांच्या १९६४ मधील फ्रेंच कादंबरीवर आधारलेल्या द टेनंटमध्ये, आधीच्या भाडेकरूने खिडकीतून उडी घेतली त्या खोलीत राहणारा परदेशी कारकून शेजाऱ्यांच्या आवाजाविषयीच्या तक्रारींनी बेजार होतो व आपल्यालाही तोच शेवट गाठावयास लावले जात आहे, असे समजू लागतो. शेजाऱ्यांचा कट खरा की त्याच्या मनाचा खेळ, याचा निर्णय प्रेक्षकावर सोपविला आहे.

मराठीतील आविष्कार : मराठी रहस्यकथेस लोकप्रियता मिळवून देणारे बाबूराव अर्णाळकर (१९०६–९६) यांच्या झुंजार, काळापहाड इ. नायकांच्या कथांत धोका प्रायः बाहेरून येतो. गुन्हेगार हा वेषांतर करणारा, टोळी बाळगणारा, सामान्य वाचकाच्या जगाबाहेरचा असतो, व साहसी नायक त्याचा निःपात करतो. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर (१९४८–२००३) आदी नंतरच्या लेखकांनी वातावरण आधुनिक केले. तथापि वाचकाच्या स्वतःच्या दारापर्यंत भीती आणण्याचे काम मुख्यत्वे भयकथा व गूढकथा यांनी केले. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या लुचाई या कादंबरीस स्टीव्हन किंग यांच्या सेलम्स लॉट (१९७५) या कादंबरीचा आधार आहे. तीत वस्तीत नव्याने आलेल्या आगंतुकांमुळे एकेक परिचित शेजारी पिशाच्च बनत जातो. कालपर्यंत ओळखीचा असलेला माणूस आज दारात उभा राहून आत बोलाविण्याची विनंती करतो, ही कल्पना शेजारभयाचे सार सांगते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या कथांसाठी गूढकथा ही संज्ञा रूढ केली. खेकडा, मध्यरात्रीचे पडघम इ. त्यांच्या संग्रहांत मध्यमवर्गीय घर, कार्यालय, नातेसंबंध अशा नित्याच्या परिसरातून भय उमलते. अतींद्रिय घटनेइतकेच मानवी मनातील क्रौर्य त्यात महत्त्वाचे असते.

रहस्यकथा म्हणून लिहिले न गेलेले विजय तेंडुलकर यांचे शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७) हे नाटक या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. त्यातील हौशी नाट्यमंडळी मुंबईतील ‘सोनार मोती टेनेमेंट’ या निवासी वसाहतीच्या संस्थेची आहेत. परगावी प्रयोगास गेलेली ही मंडळी वेळ घालविण्यासाठी अभिरूप खटल्याची तालीम करतात व लीला बेणारे या शिक्षिकेस आरोपी ठरवितात. थट्टेने सुरू झालेल्या खेळात तिच्या खाजगी आयुष्याविषयीच्या ऐकीव व चोरून मिळविलेल्या गोष्टी पुरावा म्हणून मांडल्या जातात. ती निघून जाऊ पाहते, तेव्हा दाराला बाहेरून कडी लागलेली असते. अखेरीस तिच्या उदरातील मूल नष्ट करावे, असा निकाल दिला जातो. रंगायन या संस्थेने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आणले व सुलभा देशपांडे यांची बेणारे गाजली. सत्यदेव दुबे यांनी त्यावर १९७१ मध्ये चित्रपट काढला. रोझमेरीज बेबी ही कादंबरी व हे नाटक एकाच वर्षातील असून परस्परांशी असंबद्ध आहेत. तरी दोहोंत बंद दार, सभ्य माणसांचे कोंडाळे व गर्भवती स्त्री हे घटक समान आहेत, हे लक्षणीय होय. भेद असा की, तेंडुलकरांना सैतानाची गरज भासली नाही.

विशाल फुरिया यांच्या लपाछपी (२०१७) या मराठी चित्रपटात हेच घटक पुन्हा एकत्र येतात. कर्जवसुली करणाऱ्यांपासून लपण्यासाठी शहरातील जोडपे उसाच्या फडांमधील एका घरात आश्रय घेते. आठ महिन्यांची गर्भवती नायिका (पूजा सावंत) व तिची मायेने देखभाल करणारी यजमानीण (उषा नाईक) यांच्यातील संबंध रोझमेरी व तिची शेजारीण यांची आठवण करून देतो. येथे भिंतींचे काम ऊस करतो : कोणत्याही दिशेने पळाले, तरी मनुष्य त्याच ठिकाणी परत येतो. कथेच्या मुळाशी मुलींची हत्या हा प्रत्यक्षातील गुन्हा आहे. त्याच दिग्दर्शकाने या चित्रपटाची छोरी (२०२१) ही हिंदी आवृत्ती केली.

मुंबईतील हिंदी चित्रपट : मुंबईत माणसाहून जागा दुर्मिळ, ही वस्तुस्थिती येथील कथांना वेगळा हेतू पुरविते. भीमसेन यांच्या घरौंदा (१९७७) या चित्रपटात सदनिकेसाठी साठविलेले पैसे बांधकाम व्यावसायिक बुडवितो आणि हताश तरुण, आपल्या प्रेयसीने आजारी मालकाशी लग्न करून त्याच्या मृत्यूची वाट पाहावी, असे सुचवितो. हा रहस्यपट नव्हे. परंतु घराची ओढ माणसास गुन्ह्याच्या उंबरठ्यापर्यंत कशी नेते, हे तो दाखवितो. शं. गो. साठे यांच्या ससा आणि कासव या मराठी नाटकावरील सई परांजपे यांच्या कथा (१९८३) या चित्रपटात चाळीत येऊन राहणारा गोडबोल्या पाहुणा सर्वांना फसवितो. तो विनोदी वळणाचा असला, तरी त्यातील सूत्र शेजारभयाचेच आहे. चाळीची अनौपचारिक आपुलकी हीच त्या भामट्याची पायवाट ठरते.

राम गोपाल वर्मा यांच्या भूत (२००३) या चित्रपटात बाराव्या मजल्यावरील सदनिका घेताना, पूर्वीची रहिवासी सज्जातून पडून मरण पावली, ही गोष्ट पती पत्नीपासून (ऊर्मिला मातोंडकर) लपवितो. पुढे अपराधाचे धागे घरमालकाच्या कुटुंबापर्यंत व इमारतीच्या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचतात. पवन कृपलानी यांच्या फोबिया (२०१६) या चित्रपटात एका हल्ल्यानंतर घराबाहेर पडण्याच्या भीतीने ग्रासलेली चित्रकर्ती (राधिका आपटे) नव्या सदनिकेत एकटी राहते व शेजारच्या पुरुषाने पूर्वीच्या भाडेकरू मुलीचा खून केला असावा, अशी तिची खात्री होते. परंतु मृत समजलेली मुलगी परत येते. येथे संशयित शेजारी निर्दोष असतो आणि धोका संशयामुळेच उद्‌भवतो. विक्रमादित्य मोटवाने यांच्या ट्रॅप्ड (२०१७) मध्ये तर शेजारीच नाहीत. प्रभादेवीतील कायदेशीर अडचणींमुळे रिकाम्या राहिलेल्या उंच इमारतीत पस्तिसाव्या मजल्यावर दार अडकून कोंडला गेलेला तरुण दिवसेंदिवस हाका मारतो. खाली रस्ता वाहत असतो, पण हाक कोणास ऐकू जात नाही. शेजाऱ्याच्या भीतीची दुसरी बाजू या चित्रपटाने दाखविली आहे.

तंत्र : या प्रकारात स्थळ मर्यादित व पात्रे थोडी असल्याने माहितीचे नियंत्रण महत्त्वाचे ठरते. वाचकास नायिकेइतकेच ठाऊक असावे, तिच्याहून अधिक नव्हे, असा सर्वसाधारण दंडक आहे. दृश्यापेक्षा ध्वनीवर भर असतो : नळाचे पाणी, वरच्या मजल्यावर सरकविलेले फर्निचर, मध्येच थांबलेली लिफ्ट, जिन्यात विझलेला दिवा. प्रत्येक घटनेस निरुपद्रवी असे एक स्पष्टीकरण उपलब्ध ठेवावे लागते; ते संपले की रहस्यही संपते. शेवट तीन प्रकारचे आढळतात : संशय खरा ठरणे, संशय खोटा ठरून त्याचीच किंमत मोजावी लागणे, आणि निर्णय अधांतरी राहणे. पहिला सर्वाधिक रूढ, तर तिसरा सर्वांत अवघड मानावा लागेल.

मूल्यमापन : या कथांवर एक आक्षेप असा घेतला जातो की, आधीच दुरावलेल्या शहरी माणसांत त्या अविश्वास वाढवितात. एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, वृद्ध, परप्रांतीय किंवा अन्य धर्माचे भाडेकरू यांच्याविषयीच्या पूर्वग्रहांना अशा कथेतून खतपाणी मिळू शकते. विचित्र शेजारी हाच गुन्हेगार, हे सोपे समीकरण दुय्यम दर्जाच्या लेखनात वारंवार दिसते. श्रेष्ठ कृतींत मात्र परक्या वा विक्षिप्त माणसाऐवजी सर्वमान्य, प्रतिष्ठित माणूस धोकादायक ठरतो, आणि ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही त्याची बाजू लेखक घेतो. रोझमेरी व बेणारे या दोघींचे संकट कोणीतरी एकाने वेळीच त्यांचे ऐकून घेतले असते, तर टळले असते.

पेण, रोहे यांसारख्या गावांतूनही आता बहुमजली इमारती उभ्या राहत असून ओटीची जागा बंद दार घेत आहे. त्यामुळे हा विषय केवळ महानगराचा राहिलेला नाही. परक्यावर भाबडेपणाने विश्वास टाकणे आणि निरपराध शेजाऱ्यास गुन्हेगार ठरविणे, या दोन चुकांच्या मधली वाट शोधणे हे सदनिकेतील सहजीवनाचे रोजचे काम आहे. ते किती कठीण आहे, याची जाणीव करून देणे हे या कथाप्रकाराचे खरे कार्य होय.